पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी ट्रॅकवर उतरवताना

"गाडीला रीमॅप करून घेतलाय, आता ट्रॅकवर कधी नेऊ?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच. (रीमॅप म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं.) मी उलट विचारतो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "सर्व्हिस सेंटरवाले बघत असतील ना."

कोणी बघत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी गाडी २०२१ची पोलो, १.० टीएसआय, मॅन्युअल, ११० पीएस. एरवी मुलुंड ते ऐरोली ऑफिसची ये-जा करते, शनिवारी हिच्याच डिकीतून भाजी येते, आणि वर्षातून दोन-तीनदा हीच गाडी घड्याळाशी स्पर्धा करते. आतून लोखंडी संरक्षक पिंजरा घातलेल्या, ट्रेलरवरून येणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांबद्दल मी काही सांगणार नाही, तो वेगळा खेळ आणि वेगळं बँक बॅलन्स. ज्यांच्याकडे आरटीओचा पांढरा नंबर असलेली बऱ्यापैकी पळणारी एकच गाडी आहे आणि सोमवारी तिनेच कामावर जायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी रस्त्याचा विषय संपवू

कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात मर्यादा ८० किमी, बोगद्यात ६०. तरी रात्री एकनंतर तिथे काय चालतं ते वरळीच्या टॉवरमधल्या लोकांना विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, १०,०००पर्यंत दंड. पण कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावर तुम्ही किती वेगवान आहात हे कधीच कळत नाही. समोरच्याने गॅस सोडला की तुम्ही जिंकलात, एवढंच. ट्रॅकवर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लेखी उत्तर मिळतं, आणि पहिल्यांदा ते उत्तर फार अपमानास्पद असतं. माझं होतं.

जायचं कुठे

एकेकाळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या असं जुने लोक सांगतात. आज मुंबईकराला मोठ्या ट्रॅकसाठी बहुतेकदा राज्याबाहेर जावं लागतं, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा ३.७१७ किमीचा, १९९०पासून चालू असलेला ट्रॅक. हौशी माणसाने शिकायला याच्यासारखी जागा नाही, वेगवान वळणंही आहेत आणि गाडीला दम लावणारी संथही. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे लहान, साधारण २.१ किमीचा. लहान असल्यामुळे एका दिवसात लॅप, म्हणजे फेऱ्या, जास्त होतात आणि चूक लगेच दुरुस्त करता येते. कोइंबतूरलाच कोस्ट हा नवा, मोठा ट्रॅकही झाला आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचा. तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, हे खरं. पण पहिल्यांदाच तिथे जाऊ नका. लांबलचक सरळ पट्ट्यावर गाडी जितका वेग पकडते, तितकाच तो शेवटी ब्रेकने खाली आणावा लागतो, आणि नवख्याची गाडी तिथेच हात टेकते.

जवळचं म्हणाल तर लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'च्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. मोकळ्या मैदानात शंकू मांडून ऑटोक्रॉसही होतात, त्यांची वार्ता क्लबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी येते.

माझा सल्ला सरळ आहे. सहा वेळा कार्टिंग, मग एक ऑटोक्रॉस, मग स्पर्धा नसलेला एक ट्रॅक डे, आणि त्यानंतर टाइम अटॅक. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं, एबीएस नसतं, चुकीचं काही केलं की मागचा भाग तिथल्या तिथे फिरतो. हे शिक्षण पोलोत घ्यायला गेलात तर टायरचा एक संच जातो.

ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी, शंकूंच्या मधून. शंकू पाडला की वेळेत सेकंद वाढतात. टाइम अटॅकमध्ये ट्रॅकवर एकापेक्षा जास्त गाड्या असू शकतात, पण तुमची लढत फक्त घड्याळाशी. गाडीला ट्रान्सपाँडर, म्हणजे वेळ नोंदवणारं यंत्र, लावतात आणि सर्वांत चांगला लॅप मोजतात. ड्रॅग म्हणजे सरळ पाव मैल. शेजारी-शेजारी घासत जाणाऱ्या शर्यतीचा विचार इतक्यात करू नका, त्यात रोजची गाडी नेणं म्हणजे बंपरवर पाणी सोडणं.

कागद

भारतात या खेळाची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय. तिच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धेत तिचं स्पर्धा-लायसन्स लागतं, त्यासाठी वैद्यकीय दाखला वगैरे जोडावा लागतो. कुठल्या दर्जाचं लागेल ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात असतं. हे नियमपत्रक, ज्याला सगळे 'एसआर' म्हणतात, एन्ट्री फी भरण्याआधी वाचा. नव्वद टक्के भांडणं ते न वाचल्याने होतात.

त्यात वर्ग कसे पाडलेत ते आधी बघा. मोटरस्पोर्टमध्ये टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सीसीला १.७ने गुणायची पद्धत आहे. म्हणजे माझी ९९९ सीसीची गाडी कागदावर १६९८ होते. रीमॅप, एअर फिल्टर, सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, जास्त पकडीचे) टायर यांतलं एकेक जोडत गेलात की काही ठिकाणी वर्ग वर सरकतो आणि तुमच्या ११० घोड्यांसमोर दोनशेवाले येऊन उभे राहतात. मूळ कंपनीच्या अवस्थेतल्या गाड्यांचा वर्ग असेल तर पहिली दोन वर्षं तिथेच राहा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीवरच्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल केलेली गाडी रस्त्यावर सापडली तर ट्रॅकवरचा चषक दाखवून सुटका होत नाही.

आता विमा. तुमची पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा मजकूर शोधा. खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यती, वेग-चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर वगळलेला असतो. झीरो डेप असो नाहीतर आणखी काही, ट्रॅकवर भिंतीला लागली तर पैसे तुमचेच. "मी हायवेवर ठोकली असं सांगेन" म्हणणारे भेटतात. ती फसवणूक आहे, आणि सर्व्हेअरला टायरला चिकटलेले रबराचे गोळे ओळखता येतात. गाडीवर कर्ज बाकी असेल तर मनात एकच हिशेब करा: आज ही गाडी शून्य झाली तर उरलेले हप्ते भरून मी झोपू शकतो का? नाही असं उत्तर आलं तर यंदा कार्टिंगच करा.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र सोबत ठेवा. बऱ्याच ठिकाणी मागतात. त्या निमित्ताने घरी खरं सांगावं लागतं, हाही फायदाच.

ब्रेक

गाडी जोरात पळवायला पैसा घालू नका, थांबवायला घाला, हे मी घसा कोरडा करून सांगतो. कारण बघा.

माझी पोलो आणि मी मिळून साधारण ११५० किलो. ताशी १५० वरून ६० वर येताना जेवढी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, तेवढ्यात पावणेतीन लिटर पाणी नळाच्या तापमानावरून उकळीला येईल. सोसायटीच्या मीटिंगला पंचवीस कप चहा झाला. आणि असा चहा प्रत्येक लॅपमध्ये तीन-चारदा ठेवायचा, वीस मिनिटं. घाटात तुम्ही कितीही ब्रेक मारले तरी याच्या जवळपास पोचत नाही.

ही उष्णता डिस्कमधून पॅडला, पॅडमधून कॅलिपरला आणि तिथून ब्रेक ऑइलला लागते. ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नाही. नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतली वाफ शोषून घेतं. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मानकात हाच आकडा किमान १५५वर येतो. मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातले पापड सुद्धा मऊ पडतात, तर डबीतल्या ऑइलचं काय होत असेल. एकदा ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, बुडबुडा दाबला जातो. मग पाय जमिनीला टेकतो आणि गाडी चालतच राहते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, तिसऱ्या सेशनमध्ये, पेडल आधी स्पंजी झालं. मला वाटलं, पाय दमला असेल. पुढच्या वळणाला ते निम्म्यापर्यंत गेलं आणि त्याच्या पुढच्या वळणाला थेट खाली. दोनदा पंप केलं, थोडं काहीतरी मिळालं, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली आणि सरळ रेतीत. गाडीला काही झालं नाही. दारांच्या फटींतून खडी मात्र नंतर चार महिने निघत होती. ऑइल पावणेतीन वर्षांचं होतं आणि चूक पूर्णपणे माझी होती.

म्हणून क्रम असा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरचं काढून भरू नका, चारही चाकांतून ब्लीड करून, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून, घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहा. ताज्या सीलबंद बाटलीतलंच घ्या, गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली नको. चांगलं डॉट ४ पहिल्या वर्षी पुरतं, पुढे ३०० अंशांच्या वर टिकणारं रेसिंगचं घेता येईल, पण ते वारंवार बदलावं लागतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात चुकूनही मिसळू नका, नाव सारखं असलं तरी जात वेगळी. पॅड निम्म्याहून जास्त जाड हवेत. नवे टाकले असतील तर आधी दोनशे-तीनशे किलोमीटर रोजच्या वापरात रुळू द्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर 'सेम टू सेम ओरिजिनल' पॅड मिळतात. सीट कव्हर तिथून घ्या, पॅड नको.

टायर दुसऱ्या नंबरवर. चार वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं असतं. ट्रॅकवर हवा तापून सहा-आठ पीएसआय वाढते, त्यामुळे मी थंड असताना २९ ठेवतो आणि सेशन संपून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आल्या-आल्या मोजतो. गरम ३५-३६च्या वर असेल तर सोडतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. लॅपनंतर रेघ किती पुसली गेली यावरून कडा किती दुमडतेय ते दिसतं. स्वतःचा गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या दोन यंत्रांचं आपसात पटलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

इंजिन ऑइल ताजं आणि पातळी वरच्या खुणेला. डीएसजी किंवा तत्सम ड्राय क्लच ऑटोमॅटिक असेल तर तीन लॅप जोरात, एक सावकाश, एवढाच हिशेब ठेवा, नाहीतर डॅशबोर्डवर तापमानाचा इशारा आलाच. बाकी सस्पेन्शन, एग्झॉस्ट, सगळं नंतर.

न्यायची कशी

मुलुंडहून चेन्नई साडेतेराशे किलोमीटरच्या घरात. गंमत म्हणजे पनवेलला भेटणारा राष्ट्रीय महामार्ग ४८च पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत थेट इरुंगट्टुकोट्टईजवळून जातो. दोन दिवस घ्या, चित्रदुर्ग किंवा हुबळीला मुक्काम. एका दमात जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट घालणारे महाभाग आहेत. त्यांची वेळ बघितली की कळतं.

ट्रान्सपोर्टर सोयीचा, पण तारखेवर भरवसा ठेवू नका. माझ्या गाडीला एकदा ठरल्यापेक्षा तीन दिवस उशीर झाला, आणि वर बंपरच्या कोपऱ्याला ओरखडा. गाडी चढवताना चारही बाजूंचे आणि किलोमीटरचे फोटो काढून ठेवा. मी आता स्वतः चालवत जातो. आणखी एक पोलोवाला मित्र सोबत असला की पाना, जॅक आणि पेट्रोल वाटून घेता येतं.

बॅगेत काय? टॉर्क रेंच, कारण पोलोच्या चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात आणि ते प्रत्येक सेशननंतर तपासायचे. एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, ब्लीड करायला पारदर्शक नळी, गेज, पायाने भरायचा पंप, टोइंग हुक, चिकटपट्टी, दोन लाकडी ठोकळे, ताडपत्री. कोकम सरबताचा कॅन आणि मीठ-साखर. चेन्नईच्या उन्हात दुपारी दोनला माणूस गाडीच्या आधी बंद पडतो.

हेल्मेट मोटारस्पोर्टचं, म्हणजे स्नेलचं 'एसए' किंवा एफआयएचं लेबल असलेलं. बाइकचं काही ठिकाणी चालवून घेतात, पण त्याचं अस्तर आग रोखणारं नसतं. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. पॉलिस्टरची फुटबॉल जर्सी वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळव्याचे.

त्या दिवशी

पहाटेच स्क्रूटिनीची, म्हणजे गाडीच्या तपासणीची, रांग लागते. गाडीत सुटी वस्तू एकही चालत नाही, मॅट, स्टेपनी, चार्जर, बाटल्या, एसीच्या जाळीतलं अत्तर, सगळं बाहेर. माझ्या डॅशबोर्डवर आईने बसवलेला दोन इंची पितळी गणपती आहे. तपासनीस मान आत घालून दोन बोटांनी त्याला हलवून बघत होता. डबल टेपवरून मूर्ती किंचित डुलली. "हे काढा." मी म्हटलं, आईने बसवलाय. तो हसून म्हणाला, ताशी शंभरला हाच कपाळात बसला तर आईला काय सांगू? गणपती रुमालात गुंडाळून टूलबॉक्समध्ये गेला. पुढच्या बंपरखालची लिंबू-मिरची राहिली तशीच, तिला हरकत कोणाचीच नव्हती.

मग ब्रीफिंग. झोप आली तरी झेंडे नीट ऐका. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, पिटकडे सावकाश परत, जागच्या जागी ब्रेक मारायचा नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, आपली रेषा न बदलता जाऊ द्या. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, कोणीतरी ऑइल सांडलंय. काळा तुमच्या नंबरासोबत दिसला तर पिटमध्ये या, काळ्यावर नारिंगी गोळा असेल तर तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय. पहिल्या लॅपला वेळेचा विचार न करता झेंडे दाखवणाऱ्या मार्शलची प्रत्येक पोस्ट कुठे आहे तेवढंच पाठ करा.

पहिल्या सेशनला सत्तर टक्के. मनात म्हणता ते सत्तर खरं तर पंच्याऐंशी असतं, म्हणून साठ म्हणा. एसी बंद, काच आयोजक सांगतील तशी.

चालवण्याचं एकच गुपित सांगतो, बाकी तुमचं तुम्हाला सापडेल. नवखा माणूस उशिरा ब्रेक मारून वेळ वाचवायला बघतो. वेळ मिळते ती ब्रेक सोडण्यात. पहिला दाब जोरात आणि सरळ रेषेत, मग वळणाच्या तोंडाशी पाय एकदम न उचलता हळूहळू सोडत जायचं, म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार टिकतो आणि गाडी आत वळते. ठाण्याला लोकल थांबवताना चांगला मोटरमन शेवटच्या क्षणी ब्रेक कसा सैल करतो आठवा, उभ्या माणसाच्या हातातली पिशवी सुद्धा हलत नाही. अगदी तसं. आणि नजर बंपरच्या पुढच्या डांबरावर नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. मी पहिल्या दिवसात जे साडेचार सेकंद कमावले, त्यातले तीन निव्वळ नजर वर उचलल्याने मिळाले, गाडीत काहीही बदललं नव्हतं.

प्रत्येक सेशनच्या शेवटी एक लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, गार करत या. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, तापलेला ब्रेक चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. बॉनेट उघडा, चाकांचे बोल्ट, हवा, ऑइलची कांडी. मग सावलीत बसून वेळांचा कागद बघा. सर्वांत चांगला लॅप नव्हे, तर सलग पाच लॅपमधला फरक किती आहे ते बघा. फरक दोन सेकंद असेल तर तुमच्या हातातच अजून काम बाकी आहे, दुकानात नाही. पेडल जरा जरी लांब गेलं असं वाटलं, तर सेशन सोडा. पैसे भरलेत म्हणून उतरू नका.

माझ्या अनुभवात एन्ट्री फी हा खर्चातला सगळ्यात लहान आकडा. टायर, पेट्रोल, मुक्काम, ऑइल आणि पॅड मिळून तिच्या तिप्पट सहज होतात, त्यामुळे घरी सांगताना फीचाच आकडा सांगितला जातो, असं माझं निरीक्षण आहे.

परतीला निघण्याआधी

संध्याकाळी बक्षीस समारंभाच्या गडबडीत लोक हे विसरतात. दिवसभर सोडलेली हवा पुन्हा भरा. टायर थंड झाले की त्यात हवा कमीच उरते, आणि त्या हवेवर हायवेला शंभरने जाणं ट्रॅकपेक्षा धोक्याचं. पॅड किती उरले ते चाक काढून बघा. थोडं ब्रेक ऑइल ब्लीड करून पारदर्शक नळीत रंग बघा. सकाळी मधासारखं असलेलं संध्याकाळी चहासारखं दिसत असेल तर तिथेच बदला. बोल्ट पुन्हा १२०ला. स्टेपनी आणि जॅक जागेवर.

मागच्या खेपेला हे सगळं होईपर्यंत अंधार पडला. माझा नंबर वर्गात अकरापैकी सातवा आला होता. टूलबॉक्समधला रुमाल काढला, डॅशबोर्ड स्पिरिटने पुसला, नवी डबल टेप लावली आणि गणपती बसवून मिनिटभर अंगठ्याने दाबून धरला. मग आईला फोन केला की निघतोय.